मोठं कोळशाचं ग्रिल घ्यावं का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 45 सेंमी व्यासाचं गोल, झाकणवालं ग्रिल आहे. घरच्या चौघांना पुरून उरतं. पण गिरणाऱ्याच्या अलीकडे मेव्हण्याचं शेत आहे आणि थंडी पडली की तिथे चुलत-मावस मिळून वीस-पंचवीस माणसं जमतात. तेव्हा हे ग्रिल म्हणजे लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी! दुसरी खेप उतरेपर्यंत लहान पोरं पेंगायला लागतात, आणि भाजणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, ताटात शेवटी येतात मिरच्या आणि पाव.

57 सेंमीचं घ्यावं, की अर्धा ड्रम कापून घ्यावा, की सरळ अजून एक लहानच आणावं? बायकोचा प्रश्न एकच आहे, "ठेवणार कुठे?" प्रश्न रास्त आहे. ज्यांनी मोठं घेतलंय, घेऊन विकलंय किंवा घ्यायचं टाळलंय, अशा सगळ्यांनी लिहा. किमती नका सांगू, त्या रोज बदलतात. वापराचं सांगा.

– गिरणारे_रोड

*

सातपूरकर

आधी हिशोब बघा. व्यास 12 सेंमीने वाढला तर फार काही वाटत नाही, पण जागा सुमारे 1590 चौरस सेंमीवरून 2550 वर जाते. दीडपटीपेक्षा जास्त. तरी माझ्या मते खरा फायदा जास्त तुकडे मावण्यात नाही.

लहान ग्रिलमध्ये निखारे पसरले की सगळीकडे सारखीच आग. चिकनच्या तंगड्या बाहेरून काळ्या आणि हाडाशी लाल. मोठ्यात निखारे एका बाजूला ओढून ठेवता येतात, दुसरी बाजू मोकळी राहते. आधी आगीवर रंग आणायचा, मग मोकळ्या बाजूला सरकवायचं आणि झाकण लावायचं. आतून भट्टीसारखं शिजतं. हाडाजवळ 74 अंश सेल्सिअस झालं की काढायचं. छोटा मांसाचा थर्मामीटर मिळतो, तो ग्रिलच्या आधी घ्या. आमच्याकडे "झालं का बघ" म्हणून प्रत्येक तुकडा कापून बघणारे एक काका होते, थर्मामीटर आल्यावर ते बेकार झाले.

पत्नीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. आमचं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली असतं.

*

इंदिरानगर_चौथा_मजला

आमचं उदाहरण वेगळं आहे. मोठं हौसेने घेतलं आणि गच्चीवर ठेवलं. पहिल्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्यांचे वाळत घातलेले कपडे धुराने वासले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे गेली. आता ते ग्रिल भावाच्या फार्मवर आहे आणि भाऊ त्यात बोगनवेलीच्या कुंड्या ठेवतो. ज्यांचं स्वतःचं अंगण किंवा शेत आहे त्यांनीच मोठ्याचा विचार करावा.

*

देवळाली_थंडी

वरच्या प्रतिसादाला जोडून एक गोष्ट, ग्रिल लहान असो वा मोठं. आमच्याकडे जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, निखारे मस्त आहेत, शेकायला आत घेऊ, बाल्कनीच्या काचा लावून बसू. माझी बहीण नर्स आहे, ती अक्षरशः आडवी पडली दारात. धूर संपला तरी कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं आणि माणूस झोपतो. गारठ्यात दरवर्षी कुठून ना कुठून अशा बातम्या येतात. मोठ्या ग्रिलमध्ये उरणारे निखारेही जास्त, म्हणून मोहही जास्त. बंद खोलीत, तंबूत, गाडीत, कुठेच न्यायचं नाही.

आणि राख! वरून गार दिसते, आत दुसऱ्या दिवशीही निखारा असतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत ठेवा, दोन दिवस जाऊ द्या. सकाळी लगेच घंटागाडीत टाकू नका, तिथे कागद-प्लास्टिक असतं.

*

भद्रकालीचा_खवय्या

भाऊ, तुम्ही प्रश्नच गोल ग्रिलभोवती फिरवताय. आधी सांगा, तुमच्याकडे भाजलं काय जातं? सीख, टिक्का, पनीर, ढोबळी मिरची असंच असेल तर जाळीच नको. संध्याकाळी कबाबच्या गाड्यांवर बघा. लांबट, अरुंद लोखंडी सिगडी, सळ्या आडव्या, दोन्ही टोकं काठावर. मांस जाळीला चिकटायचा प्रश्नच नाही, कारण जाळीच नाही. हाताने सळी फिरवली की चारही बाजू.

समजा आत 25 सेंमी रुंद आणि 90 सेंमी लांब सिगडी केली. क्षेत्रफळ 2250 चौरस सेंमी, म्हणजे तुमच्या 57 च्या गोलापेक्षा कमीच. पण गोल ग्रिलच्या कडेला आच पोचत नाही, तिथले तुकडे रुसून बसतात. सिगडीत दर 5 सेंमीला एक सळी धरली तरी 18 सळ्या एकावेळी लागतात. प्रत्येकीवर पाच तुकडे, म्हणजे नव्वद तुकडे एका दमात. पंचवीस माणसांची पहिली भूक तिथेच भागते. आणि भूक भागली की दुसऱ्या खेपेला कुणी घाई करत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

खिम्याच्या सीखेला चपटी सळी घ्या, गोल सळीवर मांस फिरत नाही, सळीच आत फिरते. टिक्क्याला पातळ गोल चालते. निखाऱ्यांचा थर चार-पाच सेंमी, सळी त्याच्यावर साधारण चार बोटांवर. जास्त उंच ठेवलं तर सुकतं, खाली आणलं तर करपतं. हे प्रत्येकाच्या कोळशावर आहे, पहिल्या दोन सळ्या स्वतः खाऊन बघा.

हां, अख्खी कोंबडी किंवा अख्खा मासा करायचा असेल तर मात्र माझी सिगडी कामाची नाही. तिथे झाकणवालंच पाहिजे.

*

कॉलेजरोडच्या_काकू

सगळे पुरुष मंडळी चिकनवर बोलतायत म्हणून लिहिते. आमच्या कुटुंबात निम्मे माळकरी. एकाच जाळीवर दोन्ही भाजलं तर ताट बाजूला सरकवून उठणारी माणसं आहेत आमच्यात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मोठं ग्रिल आणून अर्धं-अर्धं वाटून घेऊ असं जावई म्हणाले होते. चिमटा एकच होता, तो कुठे कुठे लागला ते देवालाच माहीत! तेव्हापासून आमच्याकडे दोन लहान ग्रिलं, दोन चिमटे, दोन ब्रश, आणि व्हेजच्या हँडलला पिवळी दोरी.

दुसरं असं. थंडीत तुम्ही जमणार म्हणता. मार्गशीर्षातले गुरुवार धरा, पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते तेव्हा आमच्याकडे कुणी शिवत नाही, त्यात कुणाचा शनिवार, कुणाची चतुर्थी. मोठ्या ग्रिलवर मटण-चिकन होणार तरी किती वेळा? कॅलेंडर घेऊन बसा, मग दुकानात जा.

आणि भरताची वांगी, रताळी, कांदे यांना ग्रिल लागतंच कशाला? वांग्याला तेलाचा हात लावून चार टोचे मारायचे आणि सरळ निखाऱ्यात. रताळी राखेत पुरायची, कोळसा पेटल्या पेटल्या सुरुवात करायची, म्हणजे चिकनवाल्यांचं उरकेपर्यंत तयार. मक्याची कणसं सालासकट पाण्यात भिजवून कडेला लावा. अशाने जाळीवरची अर्धी गर्दी कमी होते, दादा.

*

पाथर्डी_फाटा

काकूंना अनुमोदन. शिवाय मोठं ग्रिल हॅचबॅकच्या डिकीत जात नाही, पाय काढले तरी झाकण अडतं. दोन लहान जातात.

*

दिंडोरीचा_द्राक्षवाला

इथे अजून कुणी विचारलं नाही, पण पाहुणे आले की हमखास विचारतात म्हणून आधीच लिहितो. "तुमच्याकडे द्राक्षाच्या काड्यांचा एवढा ढीग असतो, त्यावरच भाजा की, कोळसा कशाला?" एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बांधाला काड्यांच्या रांगाच रांगा लागतात हे खरं. फ्रान्समध्ये बोर्दोकडे द्राक्षाच्या काड्यांवर मांस भाजायची जुनी रीत आहे, तेही खरं. काडी चटकन पेटते, जाळ जोरात देते, आणि तेवढ्याच चटकन विझते. म्हणजे पातळ तुकड्याला छान, पंचवीस माणसांच्या जेवणाला अपुरी.

पण मुख्य मुद्दा वेगळा. आपल्या बागेत डाउनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी हंगामभर फवारण्या होतात, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात. ती काडी जाळून त्यावर अन्न भाजायला माझं मन घेत नाही. मी काड्या शेकोटीला वापरतो, भाजायला बाभळीचा कोळसा. शहरातले मित्र नाराज होतात. होऊ देत.

*

गिरणारे_रोड

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. काकू, कॅलेंडर खरंच काढलं. पंचमंडळ बसलं आणि पूर्ण सामिष बेत जमतील असे शनिवार-रविवार एका हाताच्या बोटांवर आले! द्राक्षवाले दादा, कोळशाचं जरा सविस्तर सांगाल का? आम्ही किराणा दुकानातून गोणी आणतो, तिच्यात निम्मा चुरा निघतो.

*

दिंडोरीचा_द्राक्षवाला

चुरा वाया नाही, तो निखाऱ्यांच्या कडेला टाका, सावकाश जळतो. पण पेटवताना मोठे खडेच घ्या, चुऱ्यातून हवा खेळत नाही. बाभळीचा खडा कोळसा लवकर पेटतो, आच कडक देतो. दाबून केलेल्या विटकुळ्या सावकाश पेटतात पण आच एकसारखी आणि जास्त वेळ. नारळाच्या करवंटीच्या मिळतात त्या धूर कमी करतात. गर्दी असेल तेव्हा मी तळाला विटकुळ्या आणि वर बाभूळ घालतो.

पेटवायला रॉकेल, पेट्रोल काही नको. पहिला तासभर सगळ्याला तोच वास येतो, आणि भडका उडतो तो वेगळाच. पत्र्याचं उभं नळकांडं मिळतं, खाली कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या खड्यांवर पांढरट राख धरली की ओता. जास्त लोक असले तर दुसरं नळकांडं मधेच पेटत ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या खेपेला आच मरत नाही. तुमची पोरं पेंगतात त्याचं कारण ग्रिल लहान आहे यापेक्षा हे जास्त असावं असा माझा अंदाज.

*

गंगापूर_धरण_वारा

झाकणाबद्दल. धरणाच्या बाजूला संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा उघड्या सिगडीचा कोळसा भराभर जळून जातो आणि राख ताटात. झाकणवालं गोल ग्रिल मुळात याच वैतागातून जन्मलं. शिकागोमध्ये वेबर ब्रदर्सच्या धातूकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन काम करायचे. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी पत्र्याचे अर्धगोल बनत. 1952 साली त्यांनी त्यातलाच एक घेऊन खालचं भांडं केलं, दुसऱ्याचं झाकण. जेवण झाल्यावर झाकण आणि खालची-वरची छिद्रं बंद केली की निखारा गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. उघड्या सिगडीत ही सोय नाही. शेतावर वारा असेल तर सिगडीच्या वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करा.

*

अंबडचा_वेल्डर

अर्ध्या ड्रमचं कुणी लिहीना म्हणून मीच लिहितो, रोजचं काम आहे. 200 लिटरचा ड्रम साधारण 57 सेंमी व्यासाचा, 88 सेंमी उंच. उभा चिरला की जवळपास 5000 चौरस सेंमीची जाळी बसते, म्हणजे मोठ्या गोल ग्रिलच्या दुप्पट. ऐकायला भारी वाटतं. पण खोली जास्त, त्यामुळे निखारा जाळीपासून लांब पडतो, आणि तो जवळ आणायचा तर आत मधली जाळी द्यावी लागते. नाहीतर कोळसा पोत्याने लागतो. पंचवीस माणसांना ड्रम म्हणजे जास्तच होतो, शंभर माणसांच्या बेताला ठीक.

घेणारच असाल तर ड्रम कशाचा होता ते आधी विचारा. केमिकलचा, पेंटचा, थिनरचा कितीही धुवून दिला तरी घेऊ नका, आणि असा बंद ड्रम स्वतः ग्राइंडरने कापायला तर अजिबात जाऊ नका, आत वाफ असली तर स्फोट होतो. खाद्यतेलाचा बघा. वापरण्याआधी आत लाकडाचा मोठा जाळ करून रंग पूर्ण जाळून टाकायचा, त्या दिवशी त्यावर काही भाजायचं नाही. जाळी गॅल्व्हनाइज्ड नको, झिंकचा मुलामा तापून त्याचा धूर निघतो. साधे 6 मिमीचे लोखंडी बार किंवा 304 स्टेनलेस. साधं लोखंड असेल तर प्रत्येक वेळी तेल लावून ठेवा, आपल्याकडचा पावसाळा जाळीला खातो.

*

गिरणारे_रोड

मंडळी, घरात सांगितलं की गोल मोठं रद्द, ड्रम रद्द. लगेच चहा आला. जुनं 45 चं काकूंच्या पद्धतीने व्हेजला देतो, पिवळी दोरीही आणलीय. सीख-टिक्क्यासाठी खवय्या भाऊंच्या मापाची सिगडी बनवून घ्यायचा विचार आहे, घडीचे पाय असले की बहुतेक जिन्याखाली जाईल. अंबडचे दादा, 16 गेजचा पत्रा चालेल का? आणि रुंदी 25 च ठेवू ना?

*

अंबडचा_वेल्डर

16 गेज म्हणजे दीड मिमीच्या आसपास, चालेल. त्याहून पातळ घेतला तर दोन हंगामांत तळ वाकतो. तळाला आणि लांब बाजूंना छिद्रं पाडतो, तळाखाली राखेचा ट्रे सरकवता येईल असा. काठाला खाचा देतो, म्हणजे सळ्या गडगडत नाहीत. रुंदीचं फोनवर नको ठरवूया. तुमच्या सळ्या घेऊन या, सळी किती लांब आहे आणि मूठ किती आहे त्यावर माप काढू. शनिवारी आम्ही बंद असतो.