मदत हवी आहे: शहर सोडून लांब आलो, तरी दुपारी हवा इतकी खराब का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी आम्ही लॉस एंजेलिसहून रेडलँड्सला राहायला आलो. पूर्वेला साधारण १०० किलोमीटर. कारण एकच, लेकीचा दमा. ती दहा वर्षांची आहे. आधीचं घर हायवेला लागून होतं. इथे समोर संत्र्याची बाग, मागे डोंगर. वाटलं, सुटलो.

मे महिना लागला आणि चारच्या फुटबॉल सरावाहून ती खोकत यायला लागली. खोल श्वास घेतला की छातीच्या मधोमध हात ठेवते, "आई, इथे टोचतंय." मग पंप. सकाळी सातला डोंगरावरची झाडं एकेक मोजता येतात, दुपारी तीनला तोच डोंगर पिवळट-तपकिरी धुरक्यात दिसेनासा होतो. मोबाइलवर हवेचा रंग सकाळी हिरवा, दुपारी लाल, आणि कारण दरवेळी ओझोन. त्याच वेळी जुन्या घराच्या भागात मात्र पिवळा!

ओझोन वर आकाशात आपलं रक्षण करतो, एवढंच शाळेत शिकलेय. तो जमिनीवर कुठून आला? गाड्या तिकडे आणि त्रास इकडे, असं का? मास्क लावून खेळू देऊ का? शनिवार-रविवारी डोंगरात नेलं तर बरं वाटेल का? प्रशिक्षकांशी बोलले तर म्हणाले, ऊन वाढलंय, पाणी जास्त द्या. त्यांना नेमकं काय सांगू? औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगा.

मुशाफिर

रानजाईताई, हवेच्या रसायनशास्त्रात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा ओझोन कुठल्याच गाडीच्या नळीतून निघत नाही, तो वाटेत तयार होतो. इंजिनांतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात. पेट्रोलची वाफ, रंग, थिनर यांतून हायड्रोकार्बन. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि हवेतल्या ऑक्सिजनला जोडला जाऊन ओझोन होतो. मागे राहिलेला नायट्रिक ऑक्साइड तो ओझोन लगेच खाऊन टाकतो, म्हणजे खरं तर हिशेब तिथेच मिटायला हवा. हायड्रोकार्बन तो मिटू देत नाहीत. उन्हात त्यांचे जे तुकडे होतात ते ओझोनला हात न लावताच नायट्रिक ऑक्साइडचं पुन्हा डायऑक्साइड करतात, आणि ओझोन साठत जातो.

हायवेपाशी ताजा नायट्रिक ऑक्साइड भरपूर, तो ओझोन संपवतो. म्हणून जुन्या घरापाशी पिवळा. (तिथली हवा चांगली होती असं मात्र नाही.) सकाळच्या रहदारीचा धूर समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकतो, वाटेत तासन् तास तापतो आणि तुमच्या डोंगराला येऊन अडतो. डोक्यावर गरम हवेचं झाकण असल्यामुळे वरही जाता येत नाही.

हे कोडं सुटलं तेही तिथेच. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं धुरकं पसरलं तेव्हा लोकांना जपानचा वायुहल्ला वाटला. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तो बंद केला, धुरकं होतं तिथेच. अननसाच्या स्वादावर काम करणारे, कॅलटेक या तिथल्या विज्ञान विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी पुढे दाखवून दिलं, की हा गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफांवर उन्हाने केलेला उद्योग आहे. ओझोनने रबराला चिरा पडतात. ताणलेल्या पट्टीला चीर पडायला किती वेळ लागतो, यावरून त्या काळी ओझोन मोजत. लेकीच्या छातीत टोचतं ते याच वायूमुळे असू शकतं, डॉक्टरांना जरूर सांगा.

डोंगरात नको. तुमच्याजवळच्याच सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरातल्या पाँडेरोसा पाइन झाडांची सुईसारखी पानं याच ओझोनने पिवळी पडून अकाली गळतात. न्यायचंच तर समुद्राकडे न्या. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नाही. दुपारी खिडक्या बंद ठेवा, आणि हवा शुद्ध करायचं यंत्र घेतलंत तर ओझोन सोडणारं चुकूनही घेऊ नका, अशीही विकली जातात.

प्रशिक्षकांना रसायनशास्त्र नका सांगू, तासातासाचे आकडे दाखवा.

रानजाई

मुशाफिर, मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले. दोन आठवडे वहीत सकाळी आठ, दुपारी बारा आणि चारचा आकडा लिहिला, शेजारी पंप कितीदा लागला ते. वही पुढे ठेवली तर प्रशिक्षक बराच वेळ पानं उलटत राहिले. त्यांच्या संघात आणखी तीन मुलांकडे पंप आहे म्हणे. जूनमध्ये सुट्टी लागली की सराव सकाळी साडेसातला.

सामने मात्र अजून दुपारचेच आहेत, वेळ संयोजक ठरवतात. त्यांना अर्ज लिहायचाय. अशा अर्जाचा कुणाला अनुभव असेल तर इथेच लिहा, मी रोज धागा बघतेय.