ॲक्च्युरियल सायन्स आणि छोटं कॉलेज: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

काकू: मंडळी जरा सल्ला द्या. छोटीला ॲक्च्युरियल सायन्स करायचंय, पण ॲडमिशन मिळतेय ती अगदी लहान कॉलेजात, वर्गात मुलं जेमतेम असतात म्हणे. घ्यायची का एक वर्ष थांबायचं?

मामा: थांबू दे. कॉलेजचं नाव लागतंच.

आजोबा: हे नक्की काय असतं? सीएसारखं का?

ताई: आजोबा, विम्याचा हप्ता किती घ्यायचा ते काढणारी माणसं. समजा एका वयाची १००० माणसं आहेत, वर्षात त्यातली २ जातील असा अंदाज आणि प्रत्येकाचा १ लाखाचा विमा, म्हणजे लागणार २ लाख, डोई २००. पण पैसे द्यायचे वर्षअखेर आणि तोवर ५ टक्के व्याज मिळतंय, म्हणून आज १९० च्या आसपास घेतले तरी भागतं (कंपनीचा खर्च-नफा वेगळा). आता २ च्या जागी ५ गेली तर? खरा अभ्यास तिथून पुढे.

आजोबा: म्हणजे माझं किती उरलंय तेही सांगशील 😄

ताई: एकट्याचं नाही सांगता येत, हजार आजोबा आणा 😂 धूमकेतूवाला हॅली आठवतो ना, त्याने १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कुठल्या वयात किती जातात याचा असाच तक्ता केला होता

मामा: विषय कॉलेजचा चाललाय

ताई: तेच सांगतेय मामा. यात डिग्रीने कोणी ॲक्च्युअरी होत नाही, पेपर घेते ती व्यावसायिक संस्था, आपली इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज, ब्रिटनची आयएफओए, अमेरिकेची एसओए. एसओएच्या प्रोबॅबिलिटीच्या पेपरला ३ तासात ३० प्रश्न, आणि तुम्ही कुठल्या कॉलेजचे हे तिथे कोणी विचारत नाही. मी पण लहान कॉलेजातनंच केलंय आणि आमचे स्टॅटिस्टिक्सचे सर एकेका गणितावर तासभर बसायचे, मोठ्या वर्गात एवढा वेळ कोण देतं. पण त्रासही आहे तो ऐका, सिनियर नसतात त्यामुळे कुठला पेपर आधी द्यावा हे सांगणारं कोणी नाही, कंपन्या कॅम्पसला फिरकत नाहीत, इंटर्नशिपचे मेल आपणच टाकत बसायचे आणि निम्म्यांची उत्तरं येत नाहीत. काही मोठ्या विद्यापीठांच्या मुलांना ठरावीक मार्क पडले की काही पेपरांत सूट मिळते, ती लहान ठिकाणी बहुधा नसते.

दादा: मग कोर्सला ॲक्च्युरियल नाव असलेलं बरं की साधं बीएससी स्टॅट?

ताई: माझं मत साधं स्टॅट, मॅथ्स सोबत. नावाला भुलू नका, कधीकधी नवीन बोर्ड लावतात आणि शिकवायला गेस्ट लेक्चरर. शिवाय मधेच कंटाळा आला तर स्टॅटवाल्याला डेटाच्या नोकऱ्या असतातच, आणि कंटाळा येतो हो, फेलो म्हणजे पूर्ण ॲक्च्युअरी व्हायला नोकरी सांभाळून सात-आठ वर्षं सहज जातात, नापास तर चांगली चांगली होतात.

छोटी: ताई मग पहिला पेपर कधी देऊ

ताई: पहिल्या वर्षात कॅल्क्युलस आणि प्रोबॅबिलिटी पक्की कर, दुसऱ्या वर्षी सीएस१, म्हणजे आपल्या इन्स्टिट्यूटचा स्टॅटचा पेपर. त्याचा एक भाग कॉम्प्युटरवर आर मध्ये (स्टॅटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) असतो, लेखीचा कितीही सराव केलास तरी त्याने तो सुटत नाही, म्हणून आर आत्तापासून उघड. काकू, कॉलेजात जाल तेव्हा एवढंच विचारा: स्टॅटला कायमचे शिक्षक किती, आर खरंच लॅबमध्ये शिकवतात का, आणि मागच्या बॅचमधल्या कोणी एक तरी ॲक्च्युरियल पेपर काढलाय का.

मामा: आणि तिन्हीला नाही म्हणाले तर?

ताई: तर मामा तुमचंच खरं, थांबू दे

काकू: सोमवारी जाते विचारायला. छोटी, सिलॅबसचे फोटो टाक गं इथे, ताई बघेल

छोटी: 📎 ४ फोटो