मांडव घालताना... (तुमच्या मंडळाचे किस्से येऊ द्या)

काथ्याकूट

सकाळी सहाला खिडकीखाली धडाधड आवाज. बांबूचा टेम्पो रिकामा होत होता. बायको म्हणाली, "आली तुमची दिवाळी." आता कसली माझी, गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. पण चहा गार होईपर्यंत गॅलरीतून हललो नाही.

आमचं पेठेतलं मंडळ, नव्वदच्या आसपासची गोष्ट. वासे भाड्याचे, कष्ट घरचे. वासापूजन झालं की रोज रात्री जेवून नऊला जमायचं, दोन-अडीचला घरी. पहारीने खड्डे मारायचे, काथ्या बादलीत भिजत टाकायचा. गाठ मारायचा मान फक्त दोघांचा. मी चार वर्षं नुसता वासा धरून उभा. पाचव्या वर्षी "घे, बांध" म्हणाले, तेव्हा बोर्डाच्या निकालाला झाला नसेल इतका आनंद झाला.

त्या वर्षी हलता देखावा होता, कुंभकर्णाला उठवण्याचा. मोटर गाडीच्या वायपरची. चतुर्थीला पडदा उघडला आणि कुंभकर्ण उठला, झोपला, उठला, झोपला. जोर काढत होता बिचारा! थांबवायची सोयच केली नव्हती. पब्लिकला तेच आवडलं, मग दहा दिवस तसाच चालवला.

तुमचं सांगा.

चाळकरी_४

कुंभकर्ण :D :D ऑफिसात हसतोय एकटाच.

आमची गिरगावातली चाळ. केशवजी नाईकांच्या चाळीसारखा १८९३ चा गणपती नाही आमचा, बराच नंतरचा, पण माज तेवढाच. मांडव म्हणजे चौकात ताडपत्री. ती ताणायला दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला दोर बांधायचे, आणि तिथल्या काकू दर वर्षी भांडायच्या की वाळत घातलेली पापडी काळवंडते. दर वर्षी त्याच काकू रात्री बाराला पातेलंभर चहा खाली पाठवायच्या. आलं ठेचून.

सई_कुठेतरी

पापडी श्रावणात कुठे वाळते हो? 😀

चाळकरी_४

सई, गिरगावात ऊन पडेल तेव्हा वाळते. काकूंना विचारण्याची हिंमत नाही.

रांगडा_गडी

आमच्याकडं मंडळ न्हाई, तालीम. २०१९ ला ऑगस्टात पाणी आलं तवा सगळं सामान तालमीच्या खोलीतच होतं. कनाती, माळा, फळ्या, स्पीकर. आठ दिवसांनी दार उघडलं तर वास सहन हुईना. २ सप्टेंबरला चतुर्थी. पोरं आधी गल्लीतल्या घरांतला चिखल काढत हुती, मांडवाचं कुणी नावच काढंना. शेवटी आदल्या रात्री चार पत्रे उभं केलं, त्याच्याखाली मूर्ती. वर्गणी मागितलीच न्हाई त्या साली. तरी एक म्हातारी पन्नास रुपये घिऊन आली, पावती फाडा म्हणून बसली. पावतीपुस्तक भिजलेलं. वहीच्या कागदावर लिहून दिली.

अस्मिता_क

रांगडा_गडी _/\_

अस्मिता_क

मुलींनी काय केलं तेही लिहा की कुणीतरी. आमच्या मंडळात मुलींना रांगोळी आणि हार, बास. शिडीवर चढायचं म्हटलं तर "पडशील". दर वर्षी शिडीवरून पडायचे ते मुलगेच. मी अकरावीत असताना लायटिंगची सगळी माळ तपासून गेलेला बल्ब मी शोधला, वायरमनला सापडत नव्हता. कुकर झाला, उरलेलं नंतर.

परदेशी_पाटील

न्यू जर्सी. इथे शनिवार-रविवार बघून गणपती. शाळेचा हॉल एका दिवसाचा, सकाळी सातला ताबा, रात्री नऊला जसा होता तसा परत. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टीही नाही. म्हणून प्लंबिंगच्या पांढऱ्या पाइपांचा सांगाडा, वर साड्या. कोण कुठल्या साडीला टाचणी टोचतंय यावरून दोन मैत्र्या तुटल्यात. एका वर्षी आरतीला कुणीतरी खरा कापूर लावला. अलार्म! तीनशे माणसं नटूनथटून पार्किंगमध्ये, अग्निशमनवाले आत. आम्ही बाहेरच आरती पूर्ण केली, मग त्यांना मोदक दिले.

सई_कुठेतरी

मोदक उकडीचे की तळणीचे? (महत्त्वाचं आहे)

परदेशी_पाटील

फ्रोझन. मारू नका.

बालाघाटी

जरा वेगळं लिहितो. १९९३, लातूरकडचा आमचा गाव. विसर्जन करून रात्री उशिरा आलो, मांडव सकाळी सोडू म्हणून झोपलो. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. ३० सप्टेंबर. आमच्या गावाला थोडक्यात निभावलं, किल्लारीकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचा मांडव मग सोडला तो ट्रकात भरायलाच. वासे, ताडपत्र्या, सुतळ्या, होतं नव्हतं ते. तिकडं लोकांवर छप्पर नव्हतं आणि पाऊस लागला होता. मी नववीत, मला ट्रकात घेतलं नाही. काथ्याची वेटोळी करून दिली फक्त.

काथ्याकूट

बालाघाटी, हे माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

नवा_कार्यकर्ता

सगळे सिनियर दिसताय. मी २०२० ला सामील झालो, मूर्ती चार फुटांच्या आत, गर्दी बंद. मांडव दोन तासांत उभा. मग सगळे मास्क लावून एकमेकांकडे बघत बसलो. प्रश्न: थर्माकोल २०१८ पासून बंद, आमचं बजेट टिचभर. पुठ्ठा ओला होतो. काय वापरता?

अस्मिता_क

बांबूच्या चटया. गोणपाटावर गेरू मारला तर लांबून दगडी भिंत वाटते. आणि मुलींना शिडीवर चढू द्या.

चाळकरी_४

शिडीवरून आठवलं, २०११ साली आमच्या घरातली लाकडी शिडी मंडळाने "दोन दिवसांसाठी" नेली आहे.

रांगडा_गडी

आमचा पाट. २००४.

सई_कुठेतरी

आईचं पातेलं. झाकणासकट.