जुना गॅस गीझर पेटतो आणि लगेच विझतो, मदत हवी आहे

प्रश्न: ६ लिटरचा, दोन मोठ्या सेलवर चालणारा सिलिंडरचा गीझर आहे, ९ वर्षं जुना. नळ सोडला की टकटक होते, बर्नर पेटतो आणि ४-५ सेकंदांत विझतो. तीन-चारदा नळ उघड-बंद केल्यावर एखाद्या वेळी टिकतो, पण २-३ मिनिटांनी पुन्हा थंड पाणी. सेल नवे आहेत, शेगडी नीट चालते. ज्योत निळी आहे, एका कडेला मात्र टोकं पिवळी दिसतात. घरी काय करता येईल?

उत्तर: आधी पिवळ्या टोकांचं बघा. बर्नर साफ होईपर्यंत गीझर वापरू नका. पिवळी ज्योत म्हणजे गॅस अर्धवट जळतोय आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो, ज्याला वास नसतो. गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर साफ करूनही तिथे ठेवू नका. एकाच कडेला पिवळं असेल तर बहुतेक त्या बाजूच्या बर्नरच्या तोंडाशी कोळिष्टक किंवा धूळ अडकलेली असते. मऊ ब्रशने काढा. जेटमध्ये, म्हणजे गॅस बाहेर पडतो त्या बारीक भोकात, सुई घालू नका, भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते.

४-५ सेकंदांत विझणं हे सेन्सर पिनचं लक्षण आहे. रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, नॉब ओढून काढा, कव्हरचे स्क्रू सोडा. बर्नरवर दोन पिना दिसतील. एकीतून ठिणगी उडते, दुसरीचं टोक ज्योतीत असतं. ज्योतीतून या दुसरीला अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपियरमधला करंट मिळतो आणि त्यावरून सर्किटला कळतं की बर्नर पेटलाय. टोकावर राखेसारखा पातळ थर बसला तरी तो करंट तुटतो आणि सर्किट गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतं. बारीक पॉलिश पेपरने पिन चकाकेपर्यंत घासा. पिनेभोवतीच्या पांढऱ्या चिनी मातीला तडा असेल तर पिन बदला. बर्नरच्या पत्र्याला येणारी अर्थची वायरही सोडून घासा, तिथल्या गंजानेही हेच होतं आणि ती हमखास राहून जाते.

सेल नवे असले तरी स्पार्क चालू असताना व्होल्टेज मोजा. दोघांचे मिळून ३ व्होल्टच्या आसपास हवेत. २.५ च्या खाली जात असतील तर सेलच्या डबीतल्या स्प्रिंगवर हिरवट थर आहे का बघा.

उत्तर: २-३ मिनिटांनी बंद पडण्याचं कारण वेगळं आहे, दोन्ही एकात घालू नका. नळ पूर्ण सोडून एक मिनिट बादली भरा. ३ लिटरही भरत नसेल तर पाणी कमी, आच जास्त, आणि तांब्याच्या पाइपवरचा ओव्हरहीट स्विच गॅस तोडतो. पाण्याच्या इनलेटची जाळी काढून धुवा. जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल तर आतल्या पाइपात क्षार साचले असावेत. ओव्हरहीट स्विच टाळण्यासाठी त्याच्या दोन वायरी एकमेकींना पिळून जोडायच्या नाहीत. कुणी तसं करून दिलं असेल तर आजच पूर्ववत करून घ्या.

शेगडी चालते म्हणून गॅस पुरतो असं समजू नका. हा गीझर शेगडीच्या एका बर्नरच्या चार-पाच पट गॅस ओढतो. नळी कुठे दुमडली आहे का, तेही बघा.

प्रश्न: पिन आणि अर्थ साफ केल्यावर पेटलेला राहतो, ज्योत पूर्ण निळी आहे. बादलीत मिनिटाला अडीच लिटर पाणी. जाळीत रेती निघाली, धुतल्यावर साडेचार. आता बंद पडत नाही, पण दुसरा नळ सोडला की विझतो.

उत्तर: मग दाब घटल्यावर पाण्याच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा मायक्रोस्विच, म्हणजे पाणी वाहतंय हे सर्किटला कळवणारं छोटं बटण, दाबून धरत नाही. रबर ताठरलं असेल तर पडदा बदलावा लागेल. गॅसचा व्हॉल्व्ह त्यालाच जोडलेला असतो, म्हणून हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. काम झालं की गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.