मदतीचा पैसा सरकारी तिजोरीतूनच जायला हवा का?

हिशेबवही
परदेशी विकासमदत घेणाऱ्या देशाच्याच अंदाजपत्रकातून, त्याच्याच खरेदीच्या आणि लेखापरीक्षणाच्या नियमांनी खर्च व्हावी, हे 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनीही मान्य केलं. 2010 साठी 13 उद्दिष्टं ठरली. जगभरात मिळून त्यातलं एक पूर्ण झालं. एक!

सह्या करून झाल्या, पैसा मात्र संस्था, सल्लागार आणि देणगीदारांनी उभे केलेले वेगळे प्रकल्प कक्ष अशा मागच्या दारानेच येत राहिला. आणि हे कक्ष करतात काय? मंत्रालयातला त्यातल्या त्यात बरा लेखापाल जास्त पगार देऊन उचलतात. दोन वर्षांनी त्यांच्याच अहवालात वाक्य येतं, 'मंत्रालयाची क्षमता अपुरी आहे.' अहो, माणूस तुम्हीच नेलात ना! हैतीत 2010 च्या भूकंपानंतर आपत्कालीन मदतीतला जेमतेम 1 टक्का तिथल्या सरकारकडे गेला. मग ते सरकार उभं कसं राहणार?

कोरडा_पाषाण
हैतीचं उदाहरण सोयीचं घेतलंत. मंत्रालयांच्या इमारतीच कोसळल्या होत्या, धनादेश कुणाच्या टेबलावर ठेवायचा होता? मलावीचं बोला. 2013 चं 'कॅशगेट'. न झालेल्या कामांची बिलं सरकारी संगणक प्रणालीतून काढायची, पैसे कंपन्यांच्या खात्यात वळवायचे आणि मग प्रणालीतली नोंदच पुसून टाकायची. कारकून दर्जाच्या माणसाच्या गाडीच्या डिकीत नोटा सापडल्या. तुमची ती 'देशाची स्वतःची व्यवस्था' म्हणजे हीच.

हिशेबवही
सापडल्या, हे महत्त्वाचं नाही का? सल्लागाराच्या मानधनात जो पैसा मुरतो त्याला कुणी घोटाळा म्हणत नाही, कारण त्याची पावती असते.

कोरडा_पाषाण
टाळीचं वाक्य आहे, उत्तर नाही.

तिसरी_बाजू
मध्ये बोलतो. युगांडात 2012 साली उत्तर भागाच्या पुनर्बांधणीचा पैसा पंतप्रधान कार्यालयातूनच लंपास झाला. शोधला कुणी? युगांडाच्याच महालेखापरीक्षकांनी. त्यानंतर मदत देणाऱ्यांपैकी आयर्लंडला 40 लाख युरो परत मिळाले. व्यवस्था पोखरलेली होती आणि चोर पकडणारीही तीच होती, दोन्ही खरं.

कोरडा_पाषाण
परत केले ते चोरांनी नव्हे, सरकारी खजिन्याने. म्हणजे मदत खाल्ली अधिकाऱ्यांनी, भरपाई केली युगांडाच्या करदात्याने. याला यश म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

हिशेबवही
हा मुद्दा मान्य, खरंच टोचला. पण मग देशाचा स्वतःचा पैसा तरी कुठून जातो? त्याच नळातून. युगांडातच 1991 ते 95 मध्ये शाळांसाठीच्या सरकारी अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळांपर्यंत पोचत होते. पुढे रकमा वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांत फलकावर लावायला सुरुवात झाली, तेव्हा गळती खूपच आटली. श्रेय किती वर्तमानपत्राचं यावर अभ्यासकांत वाद आहे, तो असू द्या. देणगीदार स्वतःची वेगळी नळी टाकून मोकळे झाले, तर जुनी गळते की नाही हे बघण्यात त्यांना रस कशाला उरेल?

तिसरी_बाजू
अफगाणिस्तानचा पुनर्बांधणी न्यासनिधी बघा, 2002 पासूनचा, अनेक देणगीदारांचा सामायिक, जागतिक बँकेच्या देखरेखीखालचा. शिक्षकांचे पगार आधी सरकारने करायचे, बाहेरचा तपासनीस कागद तपासणार, नियमात बसेल तेवढ्याचीच भरपाई. न बसणारा खर्च नामंजूर. पैसा तिजोरीतूनच, पण डोळे मिटून नव्हे.

कोरडा_पाषाण
आणि 15 ऑगस्ट 2021 ला? तिजोरीच तालिबानच्या हातात गेली.

हिशेबवही
गेली. पण वर्गातला शिक्षक तोच होता. पगार कुठल्या दाराने द्यायचा, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांपुढे होताच की.