हॅमिल्टनची घसरण वयामुळे की गाडीमुळे?

प्रश्न (जुळे सोलापूर): फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत सात विश्वविजेतेपदे आणि १०५ शर्यती जिंकलेल्या लुईस हॅमिल्टनला २०२५ मध्ये फेरारी संघाकडून मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तिघांत येता आले नाही. हा वयाचा परिणाम मानावा की गाडीचा?

उत्तर (होटगी रोड): केवळ गाडीचा नव्हे, कारण त्याच गाडीत त्याचा संघसहकारी शार्ल लक्लेर अनेकदा पहिल्या तिघांत आला. मात्र शांघायची स्प्रिंट (मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत) हॅमिल्टननेच जिंकली.

उत्तर (सात रस्ता): माझ्या मते, तळाखालून वाहणाऱ्या हवेमुळे रस्त्याला घट्ट धरणाऱ्या गाड्या २०२२ मध्ये आल्या, तेव्हापासून उशिरा आणि जोरात ब्रेक लावून वळणात शिरण्याची त्याची शैली निष्प्रभ ठरली आणि शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या पात्रता फेरीतच तो मागे पडू लागला. तरीही २०२४ मध्ये सिल्व्हरस्टोनची (ब्रिटनमधली) शर्यत त्याने जिंकलीच!

प्रश्नकर्ता: सोलापुरातल्या होम मैदानावरची आमची मंडळी वयालाच दोष देतात, त्यांच्यापुढे हा मुद्दा मांडतो.