मदत हवी आहे: शिवराईच्या मॅक्रोत 'श्री' स्पष्ट, 'शिव' धूसर

खुर्दा: शिवराईचा (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) घरी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो, काढतोय. एक्स्टेन्शन ट्यूबचा (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) अख्खा संच लावलाय. वरचा 'श्री' स्पष्ट येतो, खालचा 'शिव' पार धूसर. नाणं चौकटीत पूर्ण मावतही नाही. एफ/२२ आहे, म्हणजे लेन्सचं छिद्र सगळ्यात लहान, तेव्हा डेप्थ (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ती) कमी पडायचा प्रश्नच नाही. रविवारच्या आत फोटो द्यायचेत. 'मॅक्रो लेन्स घ्या' हे सोडून सांगा.

तिरपा_उजेड: कॅमेरा कोणता? लेन्स किती मिमीची? ट्यूबला कॅमेऱ्याशी वीज जोडणाऱ्या पितळी टिकल्या आहेत की नुसती पोकळ नळी? नाण्याचा व्यास? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

थरावर_थर: फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) पर्याय नाही. कॅमेरा सरकवायच्या रेलवर ०.१ मिमीच्या पावलानं पंधरा फ्रेम घ्या, हेलिकॉन फोकस या सॉफ्टवेअरमध्ये जोडा.

मोरचूद: त्याआधी नाणं दहा मिनिटं चिंचेच्या कोळात ठेवा. अक्षरं उठून दिसतील.

जुनी_टांकसाळ: चिंच अजिबात नको! आम्लानं तांब्यावरचा जुना थर जातो, तो परत येत नाही, आणि अशा नाण्याची किंमतही पडते. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, नाणं कडेनं धरा, बस्स.

खुर्दा: नाणं धुणार नाहीये, विचारलंही नव्हतं. कॅनन ७००डी, ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. ट्यूब १२, २० आणि ३६. टिकल्या नाहीत. व्यास २१ मिमी. कॅमेऱ्यावर एफच्या जागी ०० दिसतं, पण मी आधी लेन्स थेट लावून एफ/२२ केला आणि मगच ट्यूब चढवली.

तिरपा_उजेड: इथेच घोटाळा आहे. आकडा लावला म्हणून छिद्राची पाती मिटत नाहीत, ती फक्त फोटोच्या क्षणी मिटतात. लेन्स काढली तेव्हा ती उघडीच होती, म्हणजे तुम्ही एफ/१.८ वर काढताय. ६८ मिमी ट्यूबवर डेप्थ ०.१ मिमीसुद्धा उरत नाही. नाणं केसभर कललं तरी 'शिव' गेला.

लेन्स थेट कॅमेऱ्यावर चढवा, फोकस अनंतावर, एफ/८. माउंटजवळचं (लेन्स बसते त्या जागेजवळचं) डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरा, त्यानं पाती मिटतात, आणि कॅमेरा चालू असतानाच लेन्स फिरवून काढा. पाती मिटलेली राहतील, मागून डोळ्यांनी बघून खात्री करा. मग ३६ बाजूला ठेवा, २० आणि १२ लावा. ट्यूबचे ३२ भागिले लेन्सचे ५० म्हणजे सेन्सरवर नाणं ०.६४ पट. सेन्सरची उंची १४.९ मिमी, म्हणजे चौकटीत २३ मिमी मावतं. नाणं अख्खं येईल.

थरावर_थर: एफ/८ वर भागणार नाही. निदान एफ/१६ तरी हवा.

तिरपा_उजेड: ट्यूबमुळे ०.६४ पटीला एफ/८ चा परिणामी आकडा १३ होतो, एफ/१६ चा २६. तिथे विवर्तनानं (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्यानं) सगळंच मऊ पडतं. एफ/८ वर डेप्थ मिलिमीटरभर मिळते आणि अक्षरांचा उठाव त्याहून कमी आहे. स्टॅक कशाला?

काटकोन: नाण्याच्या जागी सपाट आरसा ठेवा. लाइव्ह व्ह्यूत (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवा, म्हणजे सेन्सर आणि आरसा समांतर. मग आरसा काढून तिथेच नाणं ठेवा. फोकससाठी लेन्सची रिंग फिरवू नका, टिकल्या नसल्यामुळे एसटीएमची रिंग चालतच नाही. कॅमेराच वर-खाली करा. टेबल डुगडुगत असेल तर ओट्यावर मांडा, पंखा बंद, २ सेकंदांचा टायमर.

जुनी_टांकसाळ: प्रकाशासाठी लेन्स आणि नाण्याच्या मध्ये ४५ अंशात फ्रेमची काच धरा, बाजूनं दिवा. सावली पडत नाही.

तिरपा_उजेड: ते चकचकीत चांदीला छान. झिजलेल्या काळपट तांब्याला सावलीच हवी, अक्षर सावलीतच वाचता येतं. एकच दिवा, डावीकडून वर, घड्याळातल्या दहाच्या जागी, जमिनीपासून १५-२० अंश. समोरच्या बाजूला पांढरा कागद.

खुर्दा: बटणाची युक्ती चालली! 'शिव' आला, वेलांटीचा वळसासुद्धा. मागच्या बाजूचं 'छत्र पति'ही काढलं. पण आता आडवे काळे पट्टे दिसतायत. एलईडी बल्ब, आयएसओ १६००, १/२५० सेकंद.

काटकोन: बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. ट्रायपॉड आहे ना? मग आयएसओ १०० आणि शटर १/१५ सेकंद करा. पट्टे जातील, दाणेही जातील.